पिशवीत काय भरू?

"मास्तर, पिशवीत काय भरू?"

शेजारच्या काकू ओट्याच्या पायरीवर उभ्या होत्या. हातात बाजाराची रिकामी पिशवी. पौषातली संध्याकाळ, वाघूरकडून गार वारा सुटलेला, हायवेवर ट्रकांची घरघर चाललेली. त्यांच्या धाकट्याला त्या दुपारी जळगावच्या कोर्टाने एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, दिला होता. हाणामारीचा गुन्हा. तीन दिवस पोलीस कोठडीत काढून तो आता तुरुंगाकडे निघाला होता. सातवीत तो माझ्या वर्गात होता. शुद्धलेखन वाईट, पण तास संपला की कुणी न सांगता फळा पुसून ठेवायचा.

मला उत्तर माहीत नव्हतं. नशिराबादेत इतकी वर्षं मास्तरकी केली, लग्नाच्या याद्या करून दिल्या, बँकेचे अर्ज भरून दिले, दवाखान्यात काय न्यावं ते सांगितलं. तुरुंगात काय न्यावं हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि मीही कधी कुणाला विचारलं नव्हतं. गावातला कुणी आत गेला की आपण त्याच्याविषयी खूप बोलतो. तिथे पहिल्या रात्री त्याचं काय होतं, ते कुणी बोलत नाही.

त्या दिवशी ओट्यावर माझ्यासोबत दोघं बसले होते. एक मामा. कारागृह खात्यात शिपाई म्हणून लागले, राज्यातल्या वेगवेगळ्या तुरुंगांत नोकरी करून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आता अख्खं गाव त्यांना मामाच म्हणतं. दुसरी त्यांची सख्खी भाची. जळगाव कोर्टात वकिली करते, आणि ज्यांना वकील परवडत नाही अशांच्या केसेस विधी सेवा प्राधिकरणाकडून घेते. मामांकडे भरिताच्या जेवणाला आली होती. त्या संध्याकाळी या दोघांचं जे झालं ते मी जमेल तसं लिहून ठेवतो आहे. मला भाचीचं जास्त पटलं, हे आधीच सांगतो. पण मामांचं खोडून काढणं मला जमलं नाही.

काकू म्हणाल्या, "त्याले थंडी लई वाजते. गोधडी देऊ का?"

"गोधडी नको," मामा म्हणाले. "गोधडीच्या थरांत काय शिवलंय ते कोण बघत बसणार? एकतर उसवतील, नाहीतर परत देतील. दोन साध्या चादरी द्या. एक स्वेटर, दोन जोड कपडे, टॉवेल, रबरी चप्पल. पट्टा नको. पायजम्याची नाडी काढून इलास्टिक घाला. नाडीला हरकत घेतात की नाही ते गेटवरच्या माणसावर असतं, इलास्टिकला कुणी काही म्हणत नाही. घड्याळ, अंगठी, गळ्यातलं काही असेल तर ते त्याच्या सामानात नोंदवलं गेलं असेल. ते सुटताना मिळतं. आणि आज घाई करू नका. पिशवी उद्या नाहीतर परवा, भेटीच्या वेळी न्या. आज तो आहे त्या कपड्यांवर आत जाईल."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "साडेपाच. आत्ता गेटवर असेल."

काकू मटकन पायरीवर बसल्या. मला वाटलं मामांनी हे बोलायला नको होतं. पण काकूच म्हणाल्या, "सांगा. काय करतात तिथं? मले सगळं सांगा."

"मोठा दरवाजा उघडत नाही," मामा सांगू लागले. "त्यात एक दिंडी दरवाजा असतो, लहान. वाकून आत जावं लागतं. आत गेलं की मागचा बंद होतो, मग पुढचा उघडतो. दोन्ही एका वेळी उघडे कधी नसतात. त्या दोन दरवाजांच्या मधे सगळं होतं. कोर्टाचं वॉरंट तपासतात. नाव, बापाचं नाव, गाव, गुन्हा, वय, अंगावरच्या खुणा. आता फोटो आणि बोटांचे ठसे कॉम्प्युटरवर घेतात. खिशातले पैसे जमा. मग झडती. कपडे उतरवून झडती होते. लाज वाटेल त्याला. सगळ्यांना वाटते. मोठमोठ्या माणसांना तिथे रडताना बघितलंय मी. तिथे हुज्जत घालायची नाही. जो हुज्जत घालतो तो लक्षात राहतो, आणि तुरुंगात पहिल्या दिवशी लक्षात राहणं चांगलं नाही."

"मामा, तुम्ही प्रत्येकाला हेच सांगता," भाची म्हणाली. "गप राहा. मान खाली घाल."

"कारण तेच कामी येतं."

"काही ठिकाणी येतं. काकू, त्याला काही दुखणं आहे का? औषध चालू आहे का?"

"दमा हाये. थंडीत पंप लागतो त्याले."

"पंप कुठे आहे?"

काकूंनी पदराची गाठ सोडली. पंप तिथेच होता. पोलीस ठाण्यात रोज त्या घेऊन जायच्या आणि द्यायच्या. दुपारी कोर्टात गर्दीत तो त्यांच्याच हातात राहिला.

"कोर्टात त्याने सांगितलं का, मला दमा आहे म्हणून? साहेबांनी विचारलं असेल, काही तक्रार आहे का?"

"विचारलं. तो नाही म्हटला. सगळ्यांनी त्याले सांगितलं होतं गप राहा. मीच सांगितलं होतं माय."

भाची मामांकडे बघत राहिली. मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तपासणी होते ना आत. डॉक्टर विचारतात. तिथे सांगेल तो."

"तुमच्या खात्याचा जुना कायदा १८९४ चा आहे," ती म्हणाली. "इंग्रजांनी केलेला. त्यातसुद्धा लिहिलंय की दाखल झाल्यावर शक्य तितक्या लवकर नव्या माणसाची वैद्यकीय तपासणी करायची, तब्येत लिहायची, अंगावरच्या जखमा आणि वळ लिहायचे. तुरुंगात गेल्यावर नवा माणूस कुणाशी बोलला नाही तरी चालेल, पण त्या डॉक्टरशी बोललाच पाहिजे. दमा, साखर, फिट, क्षयाच्या गोळ्या, दारूची सवय, डोक्यात येणारे वाईट विचार, कोठडीत मार बसला असेल तर तो. त्या दिवशी जे लिहिलं गेलं नाही ते नंतर सिद्ध करायला मला सहा महिने लागतात. आणि हा पोरगा तिथेही म्हणेल, नाही साहेब, काही नाही. कारण आपण सगळ्यांनी त्याला तेच शिकवून पाठवलंय."

"तू वकील आहेस," मामा म्हणाले. "तू संध्याकाळी सहाला घरी येतेस. तो तिथेच राहतो. तू सांगणार बोल, आणि रात्री तिथे तू नसणार. शंभर माणसांत त्याला झोपायचंय. मी त्याला जगायला शिकवतोय."

"मीही तेच शिकवतेय."

चहा आला. काकूंनी घेतला नाही. मामांनी पुन्हा घड्याळ बघितलं. "आता बंदी, म्हणजे कुलूपबंदी, झाली असेल. थंडीत लवकर होते. संध्याकाळचं जेवण उजेडातच वाटतात. पोळी, भाजी, वरण, भात. पहिल्या दिवशी कुणालाच जात नाही. पण खाल्लं पाहिजे, रात्र मोठी असते. मग जोडी-जोडीने बसवतात आणि मोजतात. मोजणी जुळली की कुलूप. सकाळी उघडेपर्यंत तेच. दिवा रात्रभर चालू राहतो. तोंडावर चादर ओढून झोपायची सवय करावी लागते."

"झोपाले जागा?" काकूंनी विचारलं.

"जागा मागायची नाही. नव्याला दरवाज्याशी नाहीतर संडासाच्या बाजूला मिळते. कुणीतरी सुटलं की सरकत सरकत पुढे जातो माणूस. आठवडाभरात बरी जागा मिळते. पहिल्या रात्री कुणाच्या अंथरुणाला पाय लावू नये, एवढं बघावं." मग आवाज जरा उतरवून म्हणाले, "रात्री जो रडतो त्याची आम्हाला कधी काळजी वाटली नाही. त्याला कुणीतरी पाणी देतं. जो भिंतीकडे तोंड करून पडतो आणि हाक मारली तर ओ देत नाही, त्याच्यावर मी डोळा ठेवायचो. पहिले आठ-दहा दिवस वाईट असतात. माणूस स्वतःचं काहीही करून घेऊ शकतो."

हे ऐकताना मला मामा पहिल्यांदाच वेगळे दिसले. गावाच्या लेखी ते पेन्शनर, पारावर बसून राजकारणावर बोलणारे. कितीतरी रात्री हा माणूस जाळीतून आत बघत उभा राहिला होता, आणि आम्ही त्याला त्याबद्दल कधी एक प्रश्न विचारला नव्हता.

काकू म्हणाल्या, "पण त्यानं काही केलंच नसंल तर? अजून तर केस उभी राहायची हाये."

"तुरुंगात त्याला कच्चा कैदी म्हणतात," भाची म्हणाली. "शिक्षा लागली तो पक्का. कच्च्याच्या अंगावर स्वतःचे कपडे असतात. त्याला सक्तमजुरी नाही. आपली जागा साफ ठेवणं तेवढं त्याच्याकडे. कायद्याने त्याला शिक्षा झालेल्यांपासून वेगळं ठेवायचं असतं. घरचे कपडे, अंथरूण, परवानगी असेल तर घरचं अन्नसुद्धा. तो गुन्हेगार नाही अजून. हे त्याला कुणीतरी ठासून सांगायला हवं, कारण दोन आठवड्यांत तो स्वतःच ते विसरतो."

"कुलपाला कच्चा-पक्का कळत नाही," मामा म्हणाले.

"कळत नाही म्हणून तर सांगावं लागतं. मामा, देशभरच्या तुरुंगांचा २०२२ चा सरकारी अहवाल घ्या. ५ लाख ७३ हजार माणसं आत. त्यातली ४ लाख ३४ हजार कच्ची. म्हणजे दर चारांत तीन माणसांचा निकालच लागलेला नाही. आणि शंभरांच्या जागेत एकशे एकतीस. तुम्ही म्हणता मान खाली घाल. एवढ्या सगळ्यांनी मान खाली घातली म्हणूनच कुणाला त्यांची संख्या दिसत नाही."

मामांना आकड्यांनी काही फरक पडला नाही. मला पडला. नशिराबादेतल्या माझ्या एका वर्गात साठ पोरं असायची. त्यातली पंचेचाळीस निकालाआधीच नापास म्हणून उभी केली तर मी काय केलं असतं?

काकूंना भरीत-भाकरीचा डबा द्यायचा होता. भाची म्हणाली, कोर्टाकडे अर्ज करून परवानगी मागता येते. मामा म्हणाले, नको. घरचा डबा एकट्याला येतो आणि नजरा पन्नास जणांच्या असतात. दमेकऱ्याला थंडीत गरम पाणी मिळावं म्हणून अर्ज करा, डब्यासाठी नको. या एका गोष्टीवर भाची लगेच मानली.

मग मामा ज्यावर सर्वांत जास्त बोलले, ते म्हणजे उधारी.

"तो पुडी खातो?"

"खातो," काकू म्हणाल्या. "तंबाखूची."

"आत तंबाखू चालत नाही. चार-पाच दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, हात कापतील. त्याच दिवसांत कुणीतरी गोड बोलेल. म्हणेल, कुठला रे तू, नशिराबादचा? मी भुसावळचा, आपण शेजारी. घे चिमूटभर. ती चिमूट फुकट नसते. पुढच्या भेटीत तो तुम्हाला म्हणेल, आई, अमक्याच्या घरी पाचशे रुपये पोचव. तेव्हा समजायचं. साबण असो, बिस्कीट असो, नाहीतर फोन लावून देतो असं कुणी म्हणो, आत घेतलेल्या प्रत्येक वस्तूचा हिशेब कुणीतरी ठेवतो. मोबाईलला तर हातच लावायचा नाही. सापडला तर नवा गुन्हा, आणि ज्याचा होता तो नामानिराळा. फोनची सरकारी सोय असेल तर नंबर नोंदवून त्यावरच बोलायचं. त्याच्या खात्यावर पैसे जमा करता येतात, कॅन्टीनमधून लागेल ते घेईल. किती चालतात ते गेटवर विचारा. पण कुणाकडून काही घ्यायचं नाही, कुणाला काही द्यायचं नाही, पत्ते-जुगारात बसायचं नाही. आणि कशात आलास असं कुणी विचारलं तर सांगायचं, वकिलांनी बोलू नको म्हटलंय."

"हे मात्र शंभर टक्के," भाची म्हणाली. "केसबद्दल बरॅकीत एक अक्षर नाही. तिथला कुणी उद्या साक्षीला उभा राहू शकतो."

"आणि कुणी म्हणालं, माझी साहेबांशी ओळख आहे, वीस हजार दे, जामीन करून देतो..."

"देऊ नका. काकू, ऐकताय ना? असे फोन घरी येतात. आत गेलेल्याच्या आईला सगळ्यात आधी असेच लोक शोधून काढतात. वकील नसेल तर सरकार देतं, फुकट. तुरुंगातल्या माणसाला उत्पन्नाचा दाखलासुद्धा लागत नाही, कोठडीत असणं एवढंच पुरे. १५१०० हा नंबर आहे. तुरुंगात विधी सेवेचे लोक येतात, त्यांना नाव द्यायचं."

माझ्या बायकोने मधेच विचारलं, बाईमाणूस असेल तर? भाचीने थोडक्यात सांगितलं. वेगळा विभाग असतो, झडती बाईनेच घ्यायची, गरोदर असेल तर त्या तपासण्या, आणि सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं. बायको आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

काकूंनी खालच्या आवाजात विचारलं, "जात विचारतात का आत?"

मामा म्हणाले, "रजिस्टरला रकाना असायचा. मी स्वतः भरलाय." थोडं थांबून पुढे म्हणाले, "काही ठिकाणी झाडू कुणाच्या हातात द्यायचा ते आडनाव ऐकून ठरायचं. कुणी हुकूम काढत नव्हतं. तसंच चालायचं."

भाची म्हणाली, "हुकूमसुद्धा होते मामा, कितीतरी राज्यांच्या नियमपुस्तकांत छापलेले. सुकन्या शांता नावाच्या पत्रकार बाईंनी ते शोधून काढले आणि सुप्रीम कोर्टात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला निकाल लागला. जातीवरून काम वाटायचं नाही, जातीवरून बरॅक वेगळी करायची नाही, कच्च्या-पक्क्या दोन्ही कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढून टाकायचा. विमुक्त जमातीच्या माणसाला जन्मानेच सराईत धरायचं नाही. त्यांच्यावरचा १८७१ चा इंग्रजांचा कायदा १९५२ ला उठला, आणि तुरुंगाच्या वहीतून तो जायला २०२४ उजाडलं."

"आपल्या खान्देशातल्या पारध्याचं पोरगं आत येतं ना," मामा म्हणाले, "त्याला पिशवी आणून देणारंच कुणी नसतं. त्याच्यापेक्षा काकूंचा पोरगा सुखी."

काकूंना धीर द्यावा म्हणून मी एक गोष्ट काढली. म्हटलं, तुरुंग म्हणजे सगळं संपलं असं नसतं. आपल्या धुळ्याच्याच तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, अठरा रविवार अठरा अध्याय. आणि ती लिहून घेतली साने गुरुजींनी. अमळनेरच्या शाळेतला मास्तर, आमच्यासारखाच. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली.

मामा मान हलवत ऐकत होते. मग म्हणाले, "मास्तर, राग मानू नका. विनोबांना आत जाताना माहीत होतं आपण कशासाठी जातोय. बाहेर माणसं त्यांचा जयजयकार करत होती. हा पोरगा मान खाली घालून गेलाय. सुटून आला तर गाव त्याच्याकडे कसं बघेल ते तुम्हाला माहीत आहे. गेट तेच असतं, पण आत जाणारा माणूस तोच नसतो."

मला उत्तर सुचलं नाही. भाचीला सुचलं. ती म्हणाली, "त्या गोष्टीतलं मला दुसरंच आठवतं. गुरुजींना कागद मिळाला, पेन मिळालं. आणि ते आत आहेत, कुठे आहेत, कधी सुटणार, हे बाहेर लोकांना माहीत होतं. त्यांची तारीख कुणी विसरलं नव्हतं. माझे निम्मे अशील असे आहेत की त्यांना त्यांची पुढची तारीख विचारली तर सांगता येत नाही."

मग ती काकूंकडे वळली. "काकू, भेटीला जाल तेव्हा आधार कार्ड न्या. त्याच्याशी बोलायला थोडी मिनिटं मिळतील, मधे काच किंवा जाळी असेल. रडण्यात जातील ती. म्हणून घरूनच पाठ करून जा आणि त्याच्याकडून पाठ करून घ्या. गुन्ह्याचा नंबर, कोणतं कोर्ट, पुढची तारीख, वकिलाचं नाव आणि फोन. यातलं काही त्याला आलं नाही तर पुढच्या भेटीत पुन्हा विचारा, शाळेत मास्तर विचारायचे तसं. गाडी मिळाली नाही, पोलीस कमी होते, म्हणून तारखेला कोर्टात नेलं नाही तर पुढची तारीख त्याने विचारलीच पाहिजे. पोलिसांनी ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र दिलं नाही, गुन्ह्याप्रमाणे दिवस ठरतात, तर जामिनाचा हक्क लागतो. पण तो अर्ज करून मागावा लागतो, आपोआप मिळत नाही. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आहे. पहिलाच गुन्हा असेल आणि त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश दिवस आतच गेले, तर सोडायचं. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते नाही, एकाहून जास्त केस असतील तरी नाही. तो अर्ज तर तुरुंगाच्या अधीक्षकानेच कोर्टाकडे करायचा आहे. पण दिवस मोजणारा कुणीतरी लागतो. त्याने स्वतः मोजले पाहिजेत."

"दिवस मोजू नये," मामा म्हणाले. "दिवस मोजणारा माणूस वेडा होतो. मी बघितलंय."

"आणि जो मोजत नाही तो राहून जातो. तेही तुम्ही बघितलंय."

हे ती कशाला म्हणाली ते मला कळलं नाही. मामांना कळलं. ते बराच वेळ हायवेकडे बघत बसले. शेवटी बोलू लागले ते माझ्याकडे वळून, जणू भाचीला ते ठाऊकच होतं.

"एका तुरुंगात होतो. कुठल्या ते राहू द्या. एक माणूस होता, सालदार. चोरीचा आळ. त्याला जामीन मंजूर झाला होता पंधरा हजारांचा. जामीनदार नव्हता, घरचं कुणी यायचं नाही. त्याला वाटायचं, जामीन नाही म्हणजे नाकारला. सात महिने तो तसाच बसला. मला माहीत होतं, त्याला मंजूर झालाय. कागद माझ्या डोळ्यांखालून गेला होता. पण ते माझं काम नव्हतं. मी गेटचा माणूस. मी रोज त्याला मोजायचो आणि पुढे जायचो." ते थांबले. "वाईट माणूस नव्हता. माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोलला नाही. मी सांगतो ना गप राहा, तसाच राहायचा."

कुणी काही बोललं नाही.

भाची हळूच म्हणाली, "आता असं होऊ नये म्हणून सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे मामा. ३१ जानेवारी २०२३ चा. जामीन मंजूर झाला की त्याची प्रत त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगात पाठवायची, कैद्याला द्यायची. सात दिवसांत तो सुटला नाही तर अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिन्याभरात जामीनपत्र भरता आलं नाही तर कोर्टाने स्वतःहून अट सैल करता येते का ते बघायचं. जामिनाला पैसे नसतील तर २०२३ पासून केंद्राची योजना आहे, सुरू झाली तेव्हा कच्च्या कैद्याला ४० हजारांपर्यंत होती. तुमच्या सालदाराचे पंधरा हजार त्यात बसले असते."

"बसले असते," मामा म्हणाले. "कुणी सांगितलं असतं तर."

अंधार पडला होता. काकूंच्या मुठीत पंप तसाच होता. त्या एकदम म्हणाल्या, "मग आज रात्री? आज रात्री त्याले दम लागला तर?"

भाची म्हणाली, सकाळी पहिल्या तासाला कोर्टात अर्ज टाकते, डॉक्टरची जुनी चिठ्ठी काढून ठेवा, झेरॉक्स लागेल. काकू म्हणाल्या, पण आज रात्री? भाचीकडे त्याचं उत्तर नव्हतं. कोर्ट बंद, कार्यालय बंद. तिचे सगळे कायदे सकाळी साडेदहाला उघडणारे होते, आणि थंडी आत्ता पडत होती.

मामांनी खिशातून फोन काढला. चष्मा लावून नावं वरखाली केली. खात्यातला एक जुना माणूस, आता जळगावलाच होता.

"मामा," भाची म्हणाली, "लावा फोन. पण ज्याला तुमच्यासारखा मामा नाही त्याचं काय?"

"त्याच्यासाठी तू आहेस," मामा म्हणाले आणि फोन कानाला लावला.

पलीकडे उचलला गेला. मामा उठून उभे राहिले. नोकरीत राहायचे तसे ताठ. "नमस्कार करतो. हाव, नशिराबादहून. आज एक आमदनी झाली असेल, नवा कच्चा कैदी, जळगाव कोर्टाचा, तरणा पोरगा. दमेकरी आहे. घाबरून बोलला नसेल. जरा जाळीशी जाऊन विचारता का त्याला. डॉक्टरांना सांगता आलं तर सांगा. गरम पाणी मिळालं तर बघा. पंप इथे आईकडे राहिलाय, आम्ही घेऊन निघतो, गेटवर देतो." मग ऐकत राहिले. "हाव, हाव. आज चौघं आलेत का? मग नाव..."

त्यांनी फोनवर हात ठेवला आणि आमच्याकडे वळले. लहानपणापासून ते त्या पोराला एकाच लाडाच्या नावाने हाक मारत आले होते. "काकू, त्याचं पुरतं नाव काय? वॉरंटवर असतं तसं."

काकूंना रडू फुटलं होतं, शब्द निघेना. मी हजेरीपटावर होतं तसं सांगितलं. आधी त्याचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. मामांनी ते एकेक करून फोनमध्ये म्हटलं, आणि पलीकडच्याने पुन्हा म्हणून दाखवेपर्यंत थांबले.

भाची चप्पल घालत होती. मी स्कूटरची किल्ली शोधायला आत गेलो.